प्रकल्प नोंदी: एका मिलिसेकंदाचं कारण

६ जानेवारी

आजपासून प्रकल्प माझ्याकडे. आधीच्या मेंटेनरांनी (प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी) रिलीझचे, म्हणजे नवी आवृत्ती सोडायचे, हक्क माझ्या नावावर केले, कुठल्या खात्याचं काय ते सांगितलं आणि मेलच्या शेवटी लिहिलं, "बाकी सगळं कोडमध्ये आहेच." बघू.

साधन छोटं आहे. सबटायटलच्या फाइली वाचायच्या, वेळा पुढे-मागे सरकवायच्या, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बदलला असेल तर ताणायच्या किंवा आखडायच्या, एसआरटी या सबटायटल फॉरमॅटचं ब्राउझरमधलं वेबव्हीटीटी करून द्यायचं किंवा उलट. पायथॉनच्या साधारण ४,२०० ओळी. उघडे इश्यू (न सुटलेल्या तक्रारी आणि सूचना) ६१. नियमित हात लावणारे मला धरून तिघे. रीडमी (साधनाची माहिती देणारी फाइल) एकच आणि भलामोठा. कुणाला काही सांगायचं सुचलं की त्याने ते त्याच्या शेपटीला जोडलेलं.

ही वही रेपोतच (जिथे कोड राहतो तिथेच) 'नोंदी' फोल्डरात ठेवतोय. कोडमधल्या कॉमेंट आणि कमिटचे (नोंदवलेल्या प्रत्येक बदलाचे) संदेश इंग्रजीतच राहतील. पेप ८ मध्ये, म्हणजे पायथॉनच्या लेखनशैलीच्या नियमावलीत, याबद्दल मजेशीर अट आहे: तुमची भाषा न येणारा माणूस हा कोड कधीच वाचणार नाही याची १२० टक्के खात्री असेल तरच कॉमेंट आपल्या भाषेत लिहा. आपली २० टक्केही नाही. पण नोंदी आम्हा तिघांसाठी आहेत, आणि घोळ नेमका कुठे झाला हे मला मराठीतच नीट सांगता येतं.

१३ जानेवारी

इश्यू २१८. एकाची तक्रार: एसआरटी फाइल वाचली, काहीही न बदलता परत लिहिली, तरी मूळ फाइलशी जुळत नाही. काही ठिकाणी शेवटची वेळ एका मिलिसेकंदाने कमी होते.

तपासलं. खरंच होतंय. त्याच्या फाइलीत एक सबटायटल ००:०४:१२,४८० ला संपतं आणि पुढचं बरोबर ००:०४:१२,४८० ला सुरू होतं. आपण लिहिताना पहिल्याचा शेवट ००:०४:१२,४७९ करतो. लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये चक्क एक ओळ आहे: शेवट आणि पुढची सुरुवात सारखी असेल तर शेवटातून १ वजा कर. वर कॉमेंट नाही, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणारा कोड) नाही, दस्तऐवजात उल्लेख नाही.

ओळ काढली. सगळ्या टेस्ट हिरव्या. उद्या १.८.३ सोडतो.

२२ जानेवारी

आठ दिवसांत चार इश्यू, चारही एकाच रडगाण्याचे. पेन ड्राइव्हवरून टीव्हीवर चित्रपट लावला की सबटायटल उडी मारतं. जुनी ओळ जायच्या आत नवी येते, क्षणभर दोन्ही एकावर एक दिसतात, मग नवी खाली सरकते. एकाने फोनने चित्रण करून पाठवलंय. त्यात ते इतकं स्पष्ट दिसतं की मला ती वजा एकची ओळ लगेच आठवली.

वेबव्हीटीटीचा नियम नि:संदिग्ध आहे: सुरुवातीची वेळ धरायची, शेवटची सोडायची. ४८० ला संपणारं सबटायटल ४८० या क्षणी दिसायचं नाही. त्यामुळे ब्राउझरमध्ये काहीच बिघडत नाही आणि माझ्या मशीनवरही बिघडलं नव्हतं. एसआरटीला असं बांधून ठेवणारं अधिकृत नियमपत्रक नाही, तेव्हा टीव्हीतला प्लेअर लिहिणाऱ्याने शेवटची वेळही धरली असेल तर त्याला चूक तरी कसं म्हणायचं?

ओळ परत घातली. १.८.४ रात्रीच सोडलं.

२३ जानेवारी

आता उत्खनन. ती ओळ मुळात कुणी, कधी, कशासाठी घातली हे इतिहासात सापडायला हवं होतं. मी आधीच शोधायला हवं होतं हेही खरंच.

गिट ब्लेम चालवलं. गिट कोडचा इतिहास ठेवतं, आणि ब्लेम प्रत्येक ओळ शेवटी कुठल्या कमिटने बदलली ते सांगतं. उत्तर आलं: २०२१ मधला एक कमिट, संदेश 'सगळ्या कोडवर ब्लॅक चालवलं'. म्हणजे ब्लॅक या फॉरमॅटरने (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणाऱ्या साधनाने) ओळ दोन ठिकाणी मोडली आणि इतिहासावर आपलं नाव कोरून ठेवलं. असे सफाईचे कमिट वगळायची सोय गिटमध्ये आवृत्ती २.२३ पासून, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून आहे. कमिटचे हॅश (प्रत्येक कमिटची ओळख पटवणारी अक्षरं) एका फाइलीत लिहायचे आणि ब्लेमला ती फाइल दाखवायची. आमच्याकडे ती फाइल नव्हती, आज केली. हे सेटिंग प्रत्येकाला आपापल्या क्लोनमध्ये (रेपोच्या प्रतीत) एकदा करावं लागतं, ते योगदानाच्या पानावर लिहिलं.

सफाईच्या पलीकडे मूळ कमिट मिळाला. २०१८ चा. एका ओळीचा बदल. संदेश: 'फिक्स'.

बस. कुठला इश्यू, कुठला प्लेअर, काहीही नाही. त्या काळात गप्पा एका चॅट सेवेवर चालायच्या. तिथला जुना मजकूर आता उघडत नाही. लॉगमध्ये शब्द शोधून, आजूबाजूचे कमिट वाचून पाहिले. त्याच आठवड्यात 'फिक्स' नावाचे सहा कमिट आहेत, त्यातला एक 'फिक्स फिक्स'.

मूळ मेंटेनरांना मेल केला.

२५ जानेवारी

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो:

"अरे, ती ओळ काढलीस होय! माझ्याकडे तेव्हा जो टीव्ही होता ना, त्यावर दोन सबटायटलं एकमेकांच्या उरावर बसायची. तीन रात्री घालवल्या होत्या त्यावर. शेवटी एक मिलिसेकंद कमी केला आणि थांबलं. लिहून ठेवायला हवं होतं, पण तेव्हा वापरणारा मी एकटाच होतो."

तीन रात्रींचं ज्ञान आणि लेखी ऐवज एक शब्द. मी त्यांना दोष देत नाही. स्वतःसाठी लिहिलेल्या कोडात कारण आपल्या डोक्यात असतंच, ते कागदावर काढायचं कुणाला सुचणार? पण "सगळं कोडमध्ये आहे" यात फसगत कुठे आहे ते आता नीट कळलं. कोडमध्ये *काय* होतं ते सगळं होतं. वजा १ अगदी स्पष्ट होतं. टीव्ही कुठेच नव्हता.

२६ जानेवारी

कॉमेंट लिहायला बसलो. पहिला मसुदा: 'शेवट पुढच्या सुरुवातीइतकाच असेल तर एक मिलिसेकंद कमी करतो.' लिहून झाल्यावर हसू आलं. ही तर खालची ओळच पुन्हा शब्दांत. अशी कॉमेंट असती तरीही मी ती ओळ काढलीच असती, वर कॉमेंटही पुसली असती.

दुसरा मसुदा, जो ठेवला:

'काही टीव्हींमधले प्लेअर शेवटची वेळ धरून सबटायटल दाखवतात. पुढचं त्याच क्षणी सुरू झालं तर दोन्ही क्षणभर एकत्र दिसतात आणि उडी बसते. ब्राउझरमध्ये हे दिसत नाही, तिथे पाहून ही ओळ अनावश्यक ठरवू नका. १.८.३ मध्ये काढली होती, परत घालावी लागली.'

शेवटून दुसरं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण पुढचा माणूस माझ्याच वाटेने येणार. तोही ब्राउझरमध्ये बघणार, तिथे सगळं सुरळीत दिसणार, आणि त्याला वाटणार की ही ओळ उगीच आहे. त्याला त्याच वळणावर अडवलं पाहिजे.

नुसत्या कॉमेंटवर मात्र भिस्त नाही. कोड बदलतो, कॉमेंट तशीच राहते. आणि पेप ८ म्हणतं तसं, कोडशी विसंगत कॉमेंट असण्यापेक्षा ती नसलेली बरी. म्हणून टेस्ट लिहिली. तिचं नाव लांबलचक ठेवलं, 'लागून_असलेली_सबटायटलं_टीव्हीवर_एकत्र_दिसू_नयेत' अशा अर्थाचं. टेस्ट पडली की लाल अक्षरांत पहिलं नावच दिसतं, तिथेच कारण वाचायला मिळावं. 'टेस्ट_राइट_३' असं नाव असतं तर पडल्यावर कुणीही अपेक्षित आकडा बदलून मोकळा झाला असता.

आणि इश्यू २१८ वाल्याचंही खरं होतं. त्याच्यासाठी वेळा जशाच्या तशा ठेवण्याचा पर्याय देतोय. तो मात्र १.९ मध्ये, कारण ती नवी सोय आहे.

२ फेब्रुवारी

आवृत्तीच्या आकड्यांवर वाद. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, १.८.३ हा आकडाच चुकला. वर्तन बदललं तर मधला किंवा पहिला आकडा वाढवायला हवा होता. मी म्हणालो, मी तर बग काढत होतो, मग शेवटचाच आकडा वाढणार. दोघांनीही सिमॅन्टिक व्हर्जनिंगचाच (आवृत्तीच्या तीन आकड्यांच्या नियमांचाच) दाखला दिला, त्यामुळे मजा आली.

मग दोघांनी ते पान नीट वाचलं. त्यातला पहिलाच नियम असा की ही पद्धत वापरणाऱ्या प्रकल्पाने आपला सार्वजनिक एपीआय (बाहेरच्यांनी ज्यावर विसंबायचं तो भाग) जाहीर केलेला असला पाहिजे. आमचा कुठे जाहीर आहे? लिहिलेल्या फाइलीतल्या वेळा किती काटेकोर असतील याबद्दल आम्ही आजवर कुणाला शब्दच दिला नव्हता. शब्दच दिला नाही तर मोडला की पाळला हे ठरणार कसं? तीन आकड्यांचा तो सगळा डोलारा दस्तऐवजावर उभा असतो हे मला आजवर जाणवलं नव्हतं.

अर्थात लिहिलं म्हणजे सुटलो असंही नाही. हायरमचा नियम म्हणून जे सांगतात ते हेच: वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही वचन काहीही द्या, साधनाच्या दिसणाऱ्या प्रत्येक वर्तनावर कुणी ना कुणी विसंबून असतंच. लिनक्स कर्नलवाले (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिणारे) तर यात वाद घालतच नाहीत. वापरणाऱ्याचं चालू असलेलं काही मोडलं तर तो रिग्रेशन, मग तुमची दुरुस्ती कितीही शुद्ध असो.

दस्तऐवजात 'कशावर विसंबता येईल' असं एक पान टाकलं. सध्या सात वाक्यं आहेत. एक वाक्य लिहायला सरासरी वीस मिनिटं लागली.

(जाता जाता: टेक या अक्षरजुळणीच्या साधनाची आवृत्ती दर वेळी पायच्या (π) एकेका अंकाने लांबते. २०२१ पासून ती ३.१४१५९२६५३ आहे. हा वाद त्यांच्याकडे होत नसणार.)

११ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते आधीच पाहायला हवं होतं.

एक नवी मुलगी योगदान द्यायला आलीये. तिला म्हटलं, स्क्रीन शेअर कर, रीडमी वाचत साधन बसव, मी फक्त बघतो, बोलणार नाही. रीडमीत पहिलंच वाक्य आहे: 'पाच मिनिटांत सुरू करा.'

पहिल्या मिनिटालाच तिने कमांड कॉपी केली. आमच्या रीडमीत प्रत्येक कमांडच्या आधी डॉलरचं चिन्ह आहे, प्रॉम्प्ट (इथून पुढे टाइप करा अशी खूण) म्हणून. तेही कॉपी झालं. शेलने (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) उत्तर दिलं की डॉलर नावाची कमांड सापडत नाही. ती थबकली. "दादा, हा डॉलर पण टाइप करायचा असतो का?" मी गप्प राहायचं ठरवलं होतं, ते तिथेच संपलं.

पुढे साधन बसलं, पण चालवल्यावर एरर: दोन डिक्शनऱ्यांमध्ये (नाव आणि मूल्याच्या जोड्यांच्या याद्यांमध्ये) उभी रेघ चालत नाही. तिच्या मशीनवर पायथॉन ३.८. डिक्शनऱ्या उभ्या रेघेने जोडायची सोय ३.९ पासूनची. रीडमी म्हणतो ३.६ पुरेल. कुणीतरी मध्ये ती नवी सोय वापरली, रीडमी कुणी पाहिलाच नाही. ती दहा मिनिटं 'आपलंच काहीतरी चुकलं' असं धरून फाइली परत परत बसवत राहिली. मला सगळ्यात जास्त ते लागलं. चूक आमची आणि ओशाळी ती होत होती.

टेस्ट चालवण्याबद्दल रीडमीत एक वाक्य: 'नेहमीप्रमाणे टेस्ट चालवा.' नेहमीप्रमाणे म्हणजे कुणाच्या नेहमीप्रमाणे?

सगळं चालू व्हायला ४७ मिनिटं लागली.

१२ फेब्रुवारी

डॉलर काढले. 'पाच मिनिटांत' काढलं. पायथॉनची किमान आवृत्ती रीडमीत लिहिण्याऐवजी प्रकल्पाच्या सेटिंगच्या फाइलीत, पायप्रोजेक्ट डॉट टॉमलमध्ये, घातली. आता जुन्या पायथॉनवर पिप (पायथॉनची साधनं बसवून देणारा प्रोग्रॅम) स्वतःच बसवायला नकार देतं आणि कारणही सांगतं. रीडमी वाचणारा असतोच असं नाही, पिप मात्र ती फाइल वाचतंच.

टेस्टची कमांड पूर्ण लिहिली. 'फक्त', 'सहज', 'अर्थातच' हे शब्द शोधून काढले, अकरा निघाले. ज्याला जमत नाहीये त्याला ते टोचतात, आणि ज्याला जमतं त्याला त्यांची गरज नसते.

१८ फेब्रुवारी

दस्तऐवजातली उदाहरणं स्वतः चालवून पाहिली. १४ पैकी ५ चालत नाहीत. दोनांमध्ये फंक्शनचं नाव जुनं, एकात पर्यायाचा क्रम बदललेला, एकात आम्ही कधीच न लिहिलेलं फंक्शन (ते बहुधा लिहायचं ठरलं होतं), आणि एक तर मुळातच टायपो.

यावरचा उपाय फार जुना आहे. पायथॉनमध्ये डॉकटेस्ट २००१ पासून, आवृत्ती २.१ पासून आहे: दस्तऐवजातलं उदाहरण उचलायचं, चालवायचं, आलेलं उत्तर खाली लिहिलेल्या उत्तराशी ताडायचं. रस्ट या भाषेत दस्तऐवजातले कोडचे तुकडे टेस्टबरोबर आपोआप चालतात. गो या भाषेत उदाहरण म्हणून लिहिलेल्या फंक्शनच्या शेवटी अपेक्षित उत्तराची कॉमेंट असते आणि टेस्ट ती पडताळते. म्हणजे तिन्ही ठिकाणी धरून चालले आहेत की माणूस उदाहरण अद्ययावत ठेवणार नाही. योग्यच धरलंय.

पायटेस्टला (टेस्ट चालवणाऱ्या साधनाला) सांगितलं की रीडमीही टेस्टच आहे. दिवसभर लढाई डॉकटेस्टच्या काटेकोरपणाशी झाली. तो अक्षर न् अक्षर ताडतो, शेवटची मोकळी जागासुद्धा. दोन उदाहरणांत त्याचं समाधान होण्यासाठी इतकी कसरत करावी लागली की वाचणाऱ्याला ती समजेनात. ती दोन्ही बाहेर काढली आणि साधी टेस्ट केली. उदाहरण आधी माणसासाठी, मग यंत्रासाठी.

२४ फेब्रुवारी

फ्रेम रेटच्या आकड्याबद्दल एक पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल सुचवणारा प्रस्ताव): '२४०००/१००१ ऐवजी सरळ २३.९७६ लिहिलं, वाचायला सोपं.' नाकारली, पण त्याआधी हिशेब केला. दोन तासांच्या चित्रपटात फरक पडतो जेमतेम ७ मिलिसेकंदांचा. डोळ्याला कळणारही नाही. अपूर्णांक ठेवायचं कारण वेगळं आहे: एका फ्रेम रेटवरून दुसऱ्यावर जाऊन परत आलं की मूळ वेळ तंतोतंत मिळते. ते कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणजे पाठवणाऱ्याची चूक नाहीच. त्याला म्हटलं, हेच कारण कॉमेंटमध्ये लिहून पाठवा. त्यांनी पाठवलं. आमच्यापेक्षा चांगलं लिहिलंय.

२ मार्च

त्या मुलीची पहिली पुल रिक्वेस्ट २० तारखेला आली होती. मी रिव्ह्यू केला, २३ टिपा. आज मोजून पाहिलं: १९ टिपा अवतरणचिन्हं, मोकळ्या ओळी, इम्पोर्टचा क्रम यांवर. दोन तर्काबद्दल, दोन टेस्टबद्दल. तेव्हापासून ती गप्प आहे. मी असतो तर मीही गप्प बसलो असतो.

ज्या गोष्टी यंत्राला कळतात त्या माणसाने माणसाला सांगू नयेत. आम्ही ब्लॅक २०२१ मध्ये एकदा चालवलं आणि नंतर सोडून दिलं, म्हणून हे झालं. आज ते आणि लिंटर (कोडमधल्या चुका हुडकणारं साधन) दोन्ही कमिटच्या आधीच चालतील असं केलं, सीआयमध्येही (सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासणीतही) टाकलं. सगळ्या कोडवर पुन्हा एकदा चालवून त्या कमिटचा हॅश लगेच वगळण्याच्या फाइलीत लिहिला, नाहीतर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी माझ्यासारखाच ब्लेमसमोर डोकं धरून बसेल.

तिला लिहिलं: "त्या १९ टिपा विसर, त्या आता मशीन बघेल. उरलेल्या चारांत तुझं एका ठिकाणी बरोबर आणि माझं चूक होतं." संध्याकाळी उत्तर आलं: "कुठल्या ठिकाणी ते आधी सांगा 🙂"

९ मार्च

१,९०० ओळींची पुल रिक्वेस्ट. एकाच कमिटमध्ये फाइलींची फेरमांडणी, नावं बदलणं, एक नवा फॉरमॅट आणि मध्येच कुठेतरी एका बगची दुरुस्ती. काम मेहनतीचं आहे, दिसतंय. पण मर्ज करता (मूळ कोडमध्ये मिसळता) येत नाही.

तोडून द्या असं सांगणं जिवावर येतं, म्हणून कारणासकट सांगितलं. गिट बायसेक्ट हजार कमिटमधून बिघडवणारा कमिट साधारण दहा फेऱ्यांत काढून देतं, पण त्याचं बोट ज्या कमिटवर थांबणार तो १,९०० ओळींचा असेल तर शोध तिथून पुढे पुन्हा हातानेच. शिवाय मधला प्रत्येक कमिट स्वतःच्या पायावर चालणारा हवा, नाहीतर दहापैकी चार फेऱ्या 'हे बिल्डच होत नाही' म्हणून सोडाव्या लागतात.

संदेशाबद्दलही बोललो. कर्नलच्या पॅच (कोडमधला बदल) पाठवण्याच्या सूचनांमध्ये आधी अडचण सांगायला लावतात, मग उपाय. वापरणाऱ्याला काय दिसत होतं ते हवं. आणि जुन्या कमिटची चूक दुरुस्त करत असाल तर 'फिक्सेस' असं लिहून त्याच्या हॅशची पहिली १२ अक्षरं द्यायची. आमचा २०१८ चा 'फिक्स' आणि हा 'फिक्सेस' यांत अक्षरं एक-दोनच जास्त, पण त्या बारा अक्षरांवरून मागचा सगळा धागा हाती येतो.

आणखी एक ठरवलं: वर्तन बदलणाऱ्या कोडसोबत दस्तऐवजातला बदल त्याच पुल रिक्वेस्टमध्ये. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसकडे पॅचसोबत दस्तऐवज मागतात ते उगीच नाही. 'नंतर लिहितो' याची आमच्याकडे १७ इश्यू भरून साठवण आहे.

१० मार्च

त्याच पुल रिक्वेस्टमध्ये एक फंक्शन दुसऱ्या रेपोतून उचललेलं निघालं. त्या रेपोत लायसन्सची फाइलच नाही. लायसन्स नाही म्हणजे मोकळं रान असा समज सार्वत्रिक आहे आणि तो उलटा आहे. काहीच लिहिलं नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याचे. फंक्शन काढून नव्याने लिहायला सांगितलं.

यापुढे कमिटला 'साइन्ड-ऑफ-बाय' लागेल, कर्नलमध्ये २००४ पासून आहे तसंच: हा कोड द्यायचा मला हक्क आहे, असं स्वतःच्या नावाने म्हणायचं. गिटला कमिट करताना एक पर्याय दिला की ओळ आपोआप येते.

१६ मार्च

टेस्टच्या फोल्डरात २१२ नमुना फाइली आहेत. नावं: 'नमुना१', 'नमुना१_नवा', 'खराब', 'खराब२', 'खरंच_खराब'. कुठून आल्या, त्यांत काय खराब आहे, कुणालाच सांगता येत नाही.

हे नुसतं गबाळेपण म्हणून सोडलं असतं, पण २०२४ मधलं एक्सझेड या फाइली आकसणाऱ्या साधनाचं प्रकरण विसरता येत नाही. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतलं मागचं दार (चोरून आत शिरायची वाट) टेस्टसाठी म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींमध्येच दडवलेलं होतं. ते बाहेर काढणारी स्क्रिप्टची ओळ गिटमध्ये नव्हती, ती फक्त रिलीझच्या टारबॉलमध्ये (वाटायला बांधलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यात) होती. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस्क्यूएलच्या विकसकाला एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून सापडलं. कुणीही उघडून न पाहणाऱ्या फाइली ही लपायला उत्तम जागा, हे तिथे कळलं.

आमच्यावर कुणी इतकी मेहनत घेणार नाही. तरी दोन गोष्टी केल्या. रिलीझ आता माझ्या लॅपटॉपवर बनत नाही, टॅगवरून (गिटमधल्या आवृत्तीच्या खुणेवरून) सीआयमध्ये बनतं. आणि प्रत्येक नमुन्याशेजारी दोन ओळींची टीप: काय तपासायला, कुठून. शक्य तिथे नमुना स्क्रिप्टनेच तयार करायचा. आज ३८ झाले. 'खरंच_खराब'मध्ये वेळेचे मिलिसेकंद स्वल्पविरामाऐवजी टिंबाने तोडलेत. म्हणजे वेबव्हीटीटीची रीत एसआरटीत. एवढंच. नाव वाचून मला काहीतरी भयंकर वाटलं होतं.

२३ मार्च

रीडमी फोडला. डायटॅक्सिस नावाची एक मांडणी आहे, तीत दस्तऐवजाचे चार प्रकार मानतात: शिकवणारा, काम उरकून देणारा, संदर्भाचा आणि समजावणारा. आमच्या रीडमीत चारही एकाच परिच्छेदात नांदत होते. पण ४,२०० ओळींच्या प्रकल्पाला चार फोल्डर म्हणजे वराती मागून घोडं तसं नाही, घोड्यापेक्षा वरातच मोठी. आम्ही पाककृतीसारखी 'हे करायचं असेल तर असं' पानं एका बाजूला, संदर्भ कोडमधल्या डॉकस्ट्रिंगमधून (फंक्शनला जोडलेल्या माहितीतून) आपोआप, आणि तिसरं फोल्डर 'का', असं केलं.

'का'मध्ये निर्णयांच्या नोंदी. एक निर्णय, एक छोटी फाइल: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्यामुळे काय गैरसोय पत्करली. निर्णय बदलला तर जुनी फाइल पुसायची नाही, वर 'रद्द, पुढची पाहा' लिहायचं. मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्ये ही पद्धत मांडली. पहिली नोंद अर्थातच एका मिलिसेकंदाची. गैरसोयीच्या रकान्यात इश्यू २१८ वाल्याची तक्रार लिहिली.

कॉमेंट आणि 'का'चं फोल्डर यांत सीमारेषा कुठे, यावर तिघांत एकमत झालं नाही. माझं मत: जी ओळ कुणाच्या तरी हातून पुसली जाईल तिचं कारण ओळीलाच चिकटलेलं हवं. दुसऱ्या फोल्डरात जाऊन पाहायची बुद्धी पुसणाऱ्याला होत नाही. मला झाली नव्हती.

२९ मार्च

१.९.० सोडलं. चेंजलॉग (या आवृत्तीतल्या बदलांची यादी) गिटच्या लॉगमधून चिकटवला नाही, हाताने लिहिला, वापरणाऱ्याच्या बाजूने. पहिली ओळ: 'लागून असलेल्या सबटायटलांच्या वेळा जशाच्या तशा ठेवायच्या असतील तर नवा पर्याय, जुन्या टीव्हीवर बघणार असाल तर तो वापरू नका.' २१८ बंद केला.

दुपारी त्या मुलीची पुल रिक्वेस्ट आली. फाइल वाचताना सुरुवातीचा बीओएम (एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) आपण दोनदा काढतो. यूटीएफ-८-सिग या एन्कोडिंगने वाचलं की पायथॉन तो एकदा काढतंच, मग खाली आणखी एक ओळ तेच काम करते. काढायची का, असं तिने विचारलंय. न काढता विचारलंय.

ब्लेम: २०१७. संदेश: 'आणखी थोडं'. मूळ मेंटेनरांना विचारलं. "आठवत नाही रे. पण काहीतरी असणार."

ओळ काढून पाहिली, एकही टेस्ट पडत नाही. परत घातली. मग तिने स्वतःहून दोन बीओएम असलेली फाइल बनवून पाहिली. एखादा एडिटर आधीचा न काढता आपला जोडत असेल तर अशी होऊ शकते. त्या फाइलीवर ती ओळ उपयोगी पडते. ती नसेल तर पहिल्या सबटायटलचा क्रमांकच वाचता येत नाही.

तिने टेस्ट जोडली आणि ओळीवर कॉमेंट लिहिली: 'दुसऱ्यांदा का काढतो याची नोंद २०१७ च्या कमिटमध्ये नाही. दोन बीओएम असलेल्या फाइलीला हे लागतं. कारण हेच असेल असं नाही. दुसरं सापडलं तर इथे जोडा.'

एकही टीप न देता मर्ज केलं. नमुन्यांपैकी अजून १७४ बाकी.